पुरात एडीसीपीचा विसर्ग कमी का येतो? चालत्या तळाची ओळख, चाचणी आणि दुरुस्ती

पावसाळ्यात नद्या भरल्या की ही तक्रार हमखास कानावर येते. हिवाळ्यात एडीसीपीने, म्हणजे ध्वनीवरून पाण्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राने (अकौस्टिक डॉप्लर करंट प्रोफायलर), काढलेला विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारे पाणी, फिरत्या वाट्यांच्या जुन्या कप करंट मीटरच्या विसर्गाशी छान जुळतो. जूनच्या पहिल्या पाण्यातही फारसा फरक दिसत नाही. मात्र ऑगस्टमध्ये नदी दुथडी वाहू लागली की एडीसीपीचा आकडा मागे पडतो, आणि पातळी जितकी चढेल तितकी तूट वाढत जाते. यंत्र तपासायला पाठवले जाते, तिकडून ते निर्दोष म्हणून परत येते, आणि पुढच्या पुरात पुन्हा तेच.

यातली खरी अडचण अशी की मोजणी वरवर पाहता अगदी चोख दिसते. या काठावरून त्या काठावर चार फेऱ्या मारल्या तर चारही विसर्ग एकमेकांपासून दोन टक्केसुद्धा लांब जात नाहीत. त्यामुळे मोजणाऱ्याची खात्री पटते. पण चारही फेऱ्यांत एकच चूक सारख्याच प्रमाणात शिरली असेल तर त्या आपसात जुळणारच. फेऱ्यांमधला फरक पाहून ही चूक कधीच सापडत नाही. ती शोधायला वेगळी चाचणी करावी लागते. ती पाऊण तासही घेत नाही, तरी पुराच्या गडबडीत सर्वांत आधी तीच वगळली जाते. या लेखाचा बराचसा भाग मी त्या चाचणीलाच देणार आहे.

विदर्भातल्या वैनगंगेचे उदाहरण समोर ठेवतो. पवनी आणि आष्टीकडचे तिचे पात्र वाळूचे. पुढे वर्धा मिळाली की प्राणहिता होते, तिथेही वाळूच. सह्याद्रीच्या पायथ्याच्या खडकाळ पात्रात हा त्रास सहसा होत नाही, कारण तिथला तळ जागचा हलत नाही. वाळूच्या नदीत मात्र पुराचा वेग वाढला की तळाचा वरचा थर पाण्याबरोबर चालू लागतो, आणि एडीसीपीचे सगळे गणित तळ स्थिर आहे या गृहीतकावर उभे असते.

हे यंत्र प्रत्यक्षात काय करते ते दोन वाक्यांत सांगतो. पाण्यातून वाहणाऱ्या बारीक कणांवर ते ध्वनीचे स्पंद सोडते आणि परत आलेल्या आवाजाच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, पाण्याचा वेग काढते. पण हा वेग होडीच्या तुलनेत असतो, म्हणून होडीचा स्वतःचा वेगही लागतो, आणि तो मिळवण्यासाठी यंत्र तळावर वेगळा स्पंद टाकते. याला आपण सगळे बॉटम ट्रॅक म्हणतो.

समजा नाव दोरांनी बांधून प्रवाहात अगदी स्थिर धरली आहे. पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने वाहते आहे आणि तळाची वाळू सेकंदाला १५ सेंटीमीटर वेगाने खाली सरकते आहे. यंत्राला तळ खाली जाताना दिसतो. तळ हलत नाही असे ते धरून चालते, म्हणून नावच वर, उगमाच्या दिशेने, सेकंदाला १५ सेंटीमीटर चालली आहे असे ते मानते. मग पाण्याच्या वेगातून तेवढा वेग वजा होतो आणि पडद्यावर १.८५ मीटर उमटते. यंत्र बिघडलेले नाही, पाणी मंद झालेले नाही, आणि तरीही साडेसात टक्के विसर्ग हरवला.

याला एक धाकटे भावंडही आहे. तळ प्रत्यक्ष सरकत नसला तरी त्याच्या लगत गाळाचा दाट थर वाहत असेल, तर तळाच्या प्रतिध्वनीत त्या थराचा आवाज मिसळतो आणि वेग त्या थराच्या दिशेने झुकतो. परिणाम तोच, विसर्ग कमी. जास्त वारंवारतेच्या यंत्रांत हे अधिक जाणवते. म्हणून दाट गाळाच्या पुरात १२०० किलोहर्ट्झच्या यंत्रापेक्षा ६०० किलोहर्ट्झचे यंत्र बरे. निवड करायला वाव असेल तर ती पावसाळ्याआधीच करून ठेवावी.

आधी खात्री करा की दोष हाच आहे

विसर्ग कमी दिसला की लगेच चालत्या तळावर बोट ठेवणेही बरोबर नाही. तूट कोणत्या आकड्याच्या तुलनेत दिसते आहे, ते आधी पाहा. जुन्या पाणीपातळी-विसर्ग वक्राशी तुलना असेल तर दोन गोष्टी आठवा. एकाच पातळीला चढत्या पुरात विसर्ग जास्त असतो आणि उतरत्या पुरात कमी, त्यामुळे उतरत्या बाजूची मोजणी वक्राच्या खाली येणे स्वाभाविक आहे. शिवाय वाळूचे पात्र पुरात खरवडते आणि पुन्हा भरते. मागच्या वर्षीच्या छेदावर, म्हणजे पात्राच्या आडव्या कापावर, आधारलेला वक्र यंदा लागू पडेलच असे नाही. म्हणून तुलना त्याच तासातल्या, त्याच छेदावरच्या करंट मीटरच्या मोजणीशी असेल तरच ती गंभीरपणे घ्या.

त्यानंतर तूट कशी वागते ते पाहा. सगळ्याच पातळ्यांना, हिवाळ्यातसुद्धा, सारखीच टक्केवारी कमी येत असेल तर तळ चालत नाही, सेटिंगमध्ये काहीतरी गडबड आहे. यंत्र पाण्यात किती खोल बुडाले आहे तो आकडा पुन्हा मोजा. काठाची अंतरे पाहा, आणि काठाचा आकार त्रिकोणी धरला आहे की उभा, तेही पाहा. त्रिकोणी काठाला गुणक ०.३५३५ आणि उभ्या भिंतीसारख्या काठाला ०.९१, तेव्हा चुकीची निवड रुंद उथळ काठावर चांगलीच महाग पडते. यंत्राचा तापमान संवेदकही तपासा. गोड्या पाण्यात २५ अंशांना ध्वनी सेकंदाला सुमारे १,४९७ मीटर जातो आणि ३० अंशांना १,५०९. फरक एका टक्क्याहून कमी. पण बॉटम ट्रॅकवरच्या मोजणीत पाण्याचा वेग, होडीचा वेग आणि खोली या तिन्हींत तो शिरतो, त्यामुळे विसर्गात दोन टक्क्यांच्या वर जातो. उन्हात तापलेले यंत्र पाण्यात टाकून लगेच फेरी सुरू करू नका, त्याला पाण्याच्या तापमानावर येऊ द्या. थर्मामीटर बुडवून दोन्ही आकडे ताडून पाहायला मिनिटभर पुरते.

एका काठाकडून जाताना विसर्ग जास्त आणि उलट येताना कमी, असे आलटून पालटून होत असेल, आणि नावेचा वेग बॉटम ट्रॅकऐवजी जीपीएसवरून घेतला असेल, तर संशयित होकायंत्र आहे. त्याकडे पुढे येतोच.

चालत्या तळाची खूण मात्र वेगळी आहे. कमी पातळीला तूट नाही, वेग वाढला की तूट सुरू होते आणि वेगाबरोबर वाढते. तूट मुख्य धारेत जास्त आणि काठांशी जवळजवळ शून्य. यंत्राला जीपीएस जोडलेला असेल तर विनरिव्हर किंवा रिव्हरसर्व्हेयर लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये नावेच्या मार्गाच्या दोन्ही रेषा एकावर एक ठेवून पाहा. जीपीएसची रेषा सरळ पलीकडे जाते. बॉटम ट्रॅकची रेषा धारेच्या भागात उगमाकडे फुगलेली दिसते. हे चित्र एकदा पाहिले की विसरत नाही, आणि नव्या लोकांना शिकवायला मला तरी याहून चांगले साधन माहीत नाही.

लूप चाचणी: पूर्ण आणि नीट

जीपीएस असो वा नसो, पुराच्या प्रत्येक मोजणीआधी ही चाचणी करावी. मागच्या आठवड्यात तळ स्थिर होता हे आजसाठी पुरेसे नाही. पातळी मीटरभर चढली तर कालचा निष्कर्ष शिळा झाला.

रीत साधी. काठाजवळ एक पक्की खूण करा, म्हणजे रोवलेला खांब किंवा बांधलेला बॉय (तरंगती खूण). नाव तिथे टेकवून नोंद सुरू करा, पलीकडच्या काठापर्यंत जा, न थांबता वळा आणि अचूक त्याच खुणेशी परत या. नोंद बंद करा. तळ स्थिर असेल तर बॉटम ट्रॅकच्या मते तुम्ही जिथून निघालात तिथेच परत आला असाल. तळ चालत असेल तर त्याच्या मते तुम्ही निघालेल्या जागेच्या वर, उगमाकडे पोहोचलेले असाल. हे अंतर भागिले एकूण वेळ म्हणजे तळाचा सरासरी वेग.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या म्युलर आणि वॅग्नर यांनी २००६ मध्ये ही पद्धत नियमांसह मांडली, आणि तिचे निकष आज बहुतेक ठिकाणी पाळले जातात. फेरी किमान तीन मिनिटांची हवी. तळाचा वेग सेकंदाला १.२ सेंटीमीटरपेक्षा जास्त आणि पाण्याच्या सरासरी वेगाच्या एक टक्क्यापेक्षाही जास्त असेल तर तळ चालतो आहे असे धरायचे आणि विसर्ग दुरुस्त करायचा. बॉटम ट्रॅक पाच टक्क्यांहून जास्त नोंदींत तुटला असेल तर निकालाकडे संशयाने पाहायचे, वीस टक्क्यांच्या वर गेला तर चाचणी रद्द.

नियम एवढेच, पण प्रत्यक्षात चाचणी बिघडते ती इतर कारणांनी. सगळ्यांत मोठे कारण म्हणजे परत त्याच जागी न येणे. पुरात डोंगा किंवा मोटरबोट खुणेशी आणताना तीन-चार मीटर इकडेतिकडे होतेच, आणि तेवढा फरक थेट निकालात जातो. नावाड्याला चाचणी कशासाठी आहे ते आधी समजावून सांगा. धारेचा अंदाज त्याच्याइतका कोणालाच नसतो, आणि काय हवे ते कळले की तो नाव बोटभर अंतरावर आणून लावतो.

दुसरे कारण वेगातला चढउतार. काठाजवळ रेंगाळायचे आणि धारेतून घाईने पार व्हायचे, ही माणसाची स्वाभाविक वृत्ती. तळ चालतो धारेत. तिथे कमी वेळ काढला तर तळाचा सरासरी वेग खोटा कमी येतो. म्हणून सगळीकडे एकसारख्या वेगाने जा आणि पलीकडच्या काठाला थांबा घेऊ नका. विसर्गाच्या फेऱ्यांतही नावेचा वेग पाण्याच्या वेगापेक्षा कमीच ठेवावा, ही चांगली सवय आहे. अमेरिकेत मोजणीच्या सगळ्या फेऱ्या मिळून निदान ७२० सेकंद व्हाव्यात असा दंडक आहे, तोही आपल्याकडे पाळण्यासारखा.

होकायंत्राचा घोळ

लूप चाचणीला नीट कॅलिब्रेट केलेले होकायंत्र अत्यावश्यक आहे, आणि बहुतेक फसलेल्या चाचण्यांच्या मुळाशी हेच असते. हिशोब करून पाहा. नदी ४०० मीटर रुंद आहे आणि जाताना-येताना होकायंत्राच्या दिशेत दोन अंशांचा फरक पडला, तर परतीची जागा सुमारे १४ मीटर सरकते. फेरी १५ मिनिटांची असेल तर हे सेकंदाला दीड सेंटीमीटर झाले. तळ पूर्ण स्थिर असतानाही चाचणी तळ चालतो आहे असे सांगेल. उलट बाजूची चूक असेल तर खरा चालता तळ लपवेल. परतीची जागा निघालेल्या जागेच्या खाली, प्रवाहाच्या दिशेने आली तर तळ उगमाकडे चालला असा अर्थ काढू नका. तो होकायंत्राचाच दोष असतो, किंवा नाव खुणेशी नीट आलेली नसते.

कॅलिब्रेशन काठावर टेबलावर ठेवून करून उपयोग नाही. यंत्र ज्या नावेवर आणि ज्या स्थितीत बसवायचे, तसेच बसवून, पाण्यात, हळूहळू गोल फिरवून करायचे. इंजिन, नांगर, लोखंडी साखळ्या, बॅटरी, खिशातला मोबाइल या सगळ्यांचा परिणाम होतो. लोखंडी नावेवर तर चांगले कॅलिब्रेशन मिळणेच कठीण, तिथे यंत्र नावेपासून लांब, लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या आडव्या दांड्यावर बसवा. कॅलिब्रेशननंतर कोणतीही वस्तू हलवली तर पुन्हा करा.

पुलावरून दोरीने फ्लोट, म्हणजे यंत्र बसवलेला छोटा तराफा, ओढत मोजणी करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. पुलातल्या सळया आणि गर्डर खालच्या होकायंत्राला भरकटवतात. पुलापासून थोडे खाली दोरी सोडली की हे कमी होते, आणि खांबामागच्या भोवऱ्यांतूनही सुटका होते. तरीही खात्री वाटत नसेल तर लूप सोडून द्या आणि स्थिर चाचणी करा.

स्थिर चाचणी

नाव किंवा फ्लोट धारेत एका जागी धरून किमान पाच मिनिटे नोंद घ्यायची. बॉटम ट्रॅकच्या मते यंत्र उगमाकडे किती सरकले ते पाहायचे, आणि वेळेने भागायचे. इथे फ्लोट गोल फिरू दिला नाही तर होकायंत्राशिवायही चालते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. तळाचा वेग त्या जागच्या पाण्याच्या वेगाच्या एक टक्क्याहून जास्त निघाला तर तळ चालतो आहे.

जागा निवडताना वेग जिथे सर्वांत जास्त, तिथेच थांबा. सोयीची जागा म्हणून काठाजवळ धरलेला फ्लोट तळ स्थिर असल्याचेच सांगत राहील. एकच चाचणी फक्त तळ चालतो की नाही एवढेच सांगते. दुरुस्ती करायची असेल तर छेदाच्या वेगवेगळ्या भागांत अशा अनेक चाचण्या लागतात. पुलावर बांधलेला दोरही खालीवर झुलतो, तेव्हा पाच मिनिटांच्या सुरुवातीला आणि शेवटी फ्लोट त्याच जागी आहे ना, हे पुलाच्या कठड्यावर खूण करून पाहत राहा.

दुरुस्ती करायची कशी

जीपीएस चांगला असेल तर तोच संदर्भ घ्या, बॉटम ट्रॅक सोडून द्या. नावेचा वेग उपग्रहांवरून आला की तळ चालला काय आणि न चालला काय, फरक पडत नाही. मात्र साधा मोबाइलसारखा जीपीएस चालत नाही. आरटीके (काठावरच्या स्थिर रिसीव्हरवरून सेंटीमीटरपर्यंत सुधारलेला जीपीएस) असेल तर उत्तम, नाहीतर निदान गगनसारखी उपग्रहाधारित सुधारणा घेणारा रिसीव्हर हवा. रिसीव्हर यंत्राच्या अगदी वर, त्याच उभ्या रेषेत बसवा. झाडांची दाटी आणि पुलाखालची जागा टाळा. रिसीव्हरच्या दोन प्रकारच्या माहितीतला फरकही लक्षात असू द्या. जीजीए नावाची माहिती स्थान देते आणि त्यावरून वेग निघतो, त्याला चांगली सुधारणा हवी. व्हीटीजी थेट वेग देतो, त्याला तेवढी गरज नसते, पण नाव सेकंदाला पाव मीटरपेक्षा हळू जात असेल तर तो भरवशाचा राहत नाही.

आणि जीपीएस घेतला म्हणजे होकायंत्र महत्त्वाचे झाले, हे बरेच जण विसरतात. बॉटम ट्रॅकमध्ये नावेची आणि पाण्याची दिशा एकाच चौकटीत असते, होकायंत्र चुकले तरी विसर्ग बदलत नाही. जीपीएसची उत्तर दिशा मात्र पृथ्वीची खरी उत्तर, होकायंत्राची चुंबकीय. या दोन्हींतला कोन सॉफ्टवेअरला द्यावा लागतो. महाराष्ट्रात तो लहान आहे, एका अंशाच्या आतबाहेर, पण शून्य समजून सोडू नका. दोन अंशांची चूक आणि सेकंदाला एक मीटर चालणारी नाव, एवढ्यानेच पाण्याच्या वेगात साडेतीन सेंटीमीटरची चूक होते, जाताना एका बाजूला आणि येताना दुसऱ्या बाजूला. वर जी आलटून पालटून जास्त-कमी होण्याची खूण सांगितली ती इथूनच येते. उपाय म्हणजे नाव हळू चालवा आणि फेऱ्या नेहमी जोडीनेच घ्या, जाण्याची एक आणि येण्याची एक, म्हणजे चूक बरीचशी कटते. विषम फेऱ्यांची सरासरी काढू नका.

जीपीएस नसेल तर लूप चाचणीतून आलेला तळाचा वेग वापरून दुरुस्ती होते. सूत्र असे: खरा विसर्ग = बॉटम ट्रॅकचा विसर्ग + (तळाचा वेग × प्रवाहाला काटकोनातले छेदाचे क्षेत्रफळ). एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नदी ४०० मीटर रुंद, सरासरी खोली ५ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ २,००० चौरस मीटर. बॉटम ट्रॅकवरचा सरासरी वेग सेकंदाला १.६ मीटर, म्हणजे विसर्ग ३,२०० घनमीटर प्रति सेकंद. लूप १५ मिनिटांचा, म्हणजे ९०० सेकंदांचा, आणि परतीची जागा उगमाकडे १०८ मीटर सरकलेली. तळाचा वेग ०.१२ मीटर प्रति सेकंद. त्याला २,००० ने गुणले की २४० घनमीटर प्रति सेकंद. दुरुस्त विसर्ग ३,४४०.

हे २४० घनमीटर म्हणजे जवळजवळ ८,५०० क्युसेक. वैनगंगेच्या काठच्या माणसाला हा आकडा लगेच कळेल. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटले, गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावे पाण्याखाली गेली. अशा वेळी खालच्या गावाला किती पाणी येते आहे याचा अंदाज ज्या वक्रावरून निघतो, त्याचे वरचे टोक अशाच मोजक्या पूर-मोजण्यांवर उभे असते. तिथली तूट वक्रात उतरली की ती पुढे पूर अंदाजात जाते, आणि २५ वर्षांच्या पुराची निळी व १०० वर्षांच्या पुराची लाल पूररेषा काढतानाही सोबत येते. ती रेषा एखाद्याच्या घरावरून जायची की अंगणातून, हे मग त्या चाचणीला वेळ दिला की नाही यावर ठरते. मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो तो याचमुळे.

हातानेच आकडेमोड करण्याची गरज नाही. अमेरिकेच्या त्याच खात्याचे क्यूरेव्ह हे मोफत सॉफ्टवेअर चाचण्या तपासते, लूप असो वा स्थिर, दुरुस्ती लावते, आणि कुठे काय खटकले ते ठळक दाखवते. तरी एकदा तरी वरचे सूत्र कागदावर करून पाहा. सॉफ्टवेअरचा आकडा आणि आपला आकडा फार वेगळे आले तर शोध घ्यायला जागा मिळते.

जीपीएसला आकाश नाही आणि होकायंत्र भरकटलेले, अशी वेळ पुलाजवळ येतेच. तेव्हा फेरी मारण्याचा हट्ट सोडा. करंट मीटरने करतो तसे छेदाचे उभे भाग पाडा, प्रत्येक उभ्या रेषेवर फ्लोट पुलावरून स्थिर धरा आणि बॉटम ट्रॅकचा संदर्भ काढून टाकून थेट पाण्याचा वेग घ्या. फ्लोट स्थिर आहे, म्हणजे यंत्राच्या तुलनेतला वेग हाच खरा वेग. तळ कितीही चालो, इथे त्याचा संबंधच येत नाही. वेळ जास्त लागतो, पातळी झपाट्याने चढत असेल तर रेषांची संख्या कमी करावी लागते. ते चालेल. जिथून होडी घालणे धोक्याचे आहे, अशा पुरात मला हीच पद्धत सर्वांत विश्वासाची वाटते.

बॉटम ट्रॅकच तुटतो तेव्हा

हा जोडीचा त्रास. पडद्यावर मधल्या मधल्या पट्ट्या कोऱ्या राहतात, खोलीच मिळत नाही. काळ्या मातीच्या पाणलोटातून आलेला पहिला लोंढा असला की हे जास्त होते. बारीक गाळ ध्वनी शोषून घेतो आणि जास्त वारंवारतेचा ध्वनी आधी विरतो. ३ मेगाहर्ट्झचे स्पंद तीन-चार मीटरलाही थकलेले दिसतात, त्याच ठिकाणी १ मेगाहर्ट्झ किंवा ६०० किलोहर्ट्झ तळ गाठतात. दोन वारंवारता असलेल्या यंत्रात बदल आपोआप होतो, पण सेटिंगमध्ये एकच वारंवारता बांधून ठेवलेली नाही ना, हे पाहा. खोलीसाठी सरळ खाली जाणारी ध्वनीची उभी किरणशलाका असेल तर ती वापरा, नसेल तर प्रतिध्वनीवरून खोली मोजणारा वेगळा इको साउंडर जोडा. धरणाच्या दरवाजांच्या लगेच खाली हवेचे बुडबुडे असतात, तिथे कोणतेच यंत्र नीट चालत नाही. छेद खाली सरकवा.

तळालगतचा पट्टा तसाही कोणालाच मोजता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. किरणशलाका २० अंश कललेल्या असतील तर खोलीतला शेवटचा सहा टक्के भाग तळाच्या प्रतिध्वनीत बुडतो, २५ अंशांना नऊ टक्क्यांहून जास्त. तो भाग सॉफ्टवेअर वेगाच्या घातसूत्राने भरून काढते, सहसा एक-षष्ठांश घाताने.

हाच दोष गाळाची माहितीही देतो

लूप किंवा स्थिर चाचणीतून जो तळाचा वेग निघतो तो नुसता दुरुस्तीचा आकडा नाही, तळावरून सरकणाऱ्या वाळूची ती थेट खूण आहे. कॅनडातल्या फ्रेझर नदीवर रेनी, मिलर आणि चर्च यांनी २००२ मध्ये नेमके हेच केले. बॉटम ट्रॅक आणि जीपीएस यांच्या वेगातला फरक घेऊन त्यांनी तळगाळाचा भासमान वेग काढला. आपल्याकडे तळगाळ प्रत्यक्ष पकडून मोजणे पुरात फार अवघड, म्हणून ही माहिती अधिक मोलाची. पण एवढ्यावरून टनांचा हिशोब करू नका. किती जाडीचा थर सरकतो आहे हे हा वेग सांगत नाही. हेली-स्मिथसारख्या, तळाची वाळू पकडणाऱ्या सॅम्पलरने त्याच जागी नमुने घेतल्याशिवाय वेगाचे वजन होत नाही. तोपर्यंत पातळी, पाण्याचा वेग आणि तळाचा वेग यांची नोंद तारीख-वेळेसह ठेवा. कोणत्या पातळीला तळ चालू लागतो हे दोन-तीन पावसाळ्यांत कळते, आणि ते त्या केंद्रापुरते फार उपयोगी ज्ञान असते.

तरंगत्या गाळासाठी प्रतिध्वनीची तीव्रता वापरता येते, तिथेही एक नेहमीची चूक होते. तीव्रता जास्त म्हणजे गाळ जास्त, एवढे सोपे ते नाही. अंतराबरोबर ध्वनी पसरतो, पाणी तो शोषते आणि गाळही शोषतो. पहिल्या दोन दुरुस्त्या लोक करतात, तिसरी राहून जाते. ती राहिल्याची ओळख अशी: गाळ तळाकडे दाट असायला हवा, पण दुरुस्त केलेल्या चित्रात तीव्रता तळाकडे घटत जाते. कणांचा आकारही मध्ये येतो. १२०० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सव्वा मिलिमीटर, आणि सुमारे ०.४ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या कणांना त्याचे गणित साधारण लागू पडते. त्याहून जाड वाळू मिसळली की नाते बदलते.

म्हणून नमुना घेण्याला पर्याय नाही. पंजाब पद्धतीच्या बाटलीने ०.६ खोलीला घेतलेला नमुना ०.२ मिलिमीटरच्या वर, ०.०७५ ते ०.२ आणि ०.०७५ च्या खाली असा वेगळा करून घ्या आणि प्रत्येक भाग तीव्रतेशी स्वतंत्रपणे ताडून पाहा. जुलैतल्या पहिल्या लोंढ्याचा मातकट गाळ आणि सप्टेंबरची वाळू यांना एकच समीकरण लावू नका. बाटली पाण्यात सोडल्याची वेळ एडीसीपीच्या घड्याळावरून सेकंदासह लिहा, मनगटी घड्याळावरून नको, आणि बाटली यंत्राच्या किरणशलाकांच्या वाटेत येणार नाही अशा बेताने, प्रवाहाच्या खालच्या बाजूने सोडा.